बाराच्या ठोक्याला बोनमध्ये

पॅरिसहून दक्षिणेला जाणारी गाडी दिजाँ शहरात सोडायची आणि लोकल गाडीत बसायचे. शहर मागे पडले की उजव्या हाताला एक बुटकी, लांबलचक टेकडी सोबत चालू लागते. तिच्या उतारावर द्राक्षवेलींच्या ओळी, मधूनमधून दगडी घरांची गावे आणि प्रत्येक गावाला एक चर्च. वीस-पंचवीस मिनिटांत बोन येते. हे गाव वीसेक हजार वस्तीचे आहे. जुन्या तटबंदीच्या आतला भाग पाऊण तासात पायी फिरून होतो आणि तटाबाहेर थोडे चालले की मळे लागतात.

दुपारचे बारा वाजले की इथे बऱ्याच दुकानांच्या दारावर ‘बंद’ची पाटी लागते. ती दोनला, कुठे अडीचला उतरते. मधल्या वेळात गाव जेवते. तळघरात पिंपे धुणारा कामगार, बँकेतला कारकून, रंगाचे डाग पडलेल्या कपड्यातला रंगारी आणि नकाशा घडी करून ठेवणारे परदेशी जोडपे हे सारे एकाच अरुंद खोलीत, एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसतात. ही खोली म्हणजे बिस्ट्रो.

बर्गंडी हा फ्रान्सचा नामांकित वाइनमुलूख. त्याच्या बाटल्यांवर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण माझे मत असे, की हा मुलूख तळघरापेक्षा बिस्ट्रोच्या टेबलावर लवकर समजतो. तीन थाळ्या, पावाची टोपली, पाण्याची सुरई आणि एक पेला वाइन. यातले इथल्या मातीतले काय, बाहेरून आलेले काय, आणि बाहेरून येऊनही ते इथलेच का वाटते, हे पाहत पाहत जेवू.

फळ्यावरचे जेवण

‘बिस्ट्रो’ हा शब्द रशियन आहे, असे पॅरिसचे वाटाडे हमखास सांगतात. 1814 मध्ये नेपोलियनला हरवून पॅरिसमध्ये उतरलेले कोसॅक शिपाई खानावळीत ‘बिस्त्रो, बिस्त्रो’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ असे ओरडत, अशी ती गोष्ट. भाषेच्या अभ्यासकांना ती पटत नाही, कारण हा शब्द छापील मजकुरात सापडतो तो 1884 पासून. मधली 70 वर्षे तो होता कुठे, याचे उत्तर त्या गोष्टीत नाही. शिवाय ‘लवकर’ हा शब्द या जागेला शोभतही नाही.

आत शिरताना मोठ्याने ‘बाँजूर’ म्हणायचे. हा शिष्टाचार कमी लेखू नये. न बोलता टेबल गाठणारा माणूस इथे उद्धट ठरतो आणि हसून नमस्कार करणाऱ्याला खिडकीजवळची जागा मिळते. मग भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे पाहायचे. खडूने लिहिलेल्या या फळ्याला ‘आर्द्वाज’ म्हणतात. त्यावर दोन-तीन पहिल्या थाळ्या, दोन-तीन मुख्य पदार्थ, चीज आणि दोन गोड पदार्थ असतात. ‘प्ला द्यु जूर’ म्हणजे आजचा पदार्थ. ‘फॉर्म्यूल’ म्हणजे दोन किंवा तीन थाळ्यांचा ठरलेल्या दरातला मेळ. दुपारी हा मेळ 20-25 युरोंच्या आसपास बसतो. रात्री त्याच स्वयंपाकघरातले जेवण बरेच महाग पडते, म्हणून जाणकार दुपारी येतात.

दरामागे कायदा आहे. पाव, साधे पाणी, मीठ-मिरी, ताट-वाटी-सुरीकाटा हे सारे जेवणाच्या किमतीतच धरायचे, असा नियम 1967 पासून आहे. म्हणून ‘काराफ दो’, म्हणजे नळाच्या पाण्याची सुरई, मागायला संकोच नको. सेवेचे पैसेही फळ्यावरच्या आकड्यात धरलेले असतात. 1987 पासून तसे करणे बंधनकारक आहे. जेवण आवडले तर लोक एखाद-दोन नाणी टेबलावर ठेवतात, पण ती ऐच्छिक.

आणखी एक नियम या खोलीला दुपारी भरून टाकतो. फ्रान्सच्या कामगार कायद्यात कामाच्या जागी जेवायला मनाई करणारे कलम आहे. कारखान्यातली धूळ आणि विषारी पदार्थ अन्नात जाऊ नयेत, हा त्यामागचा मूळ हेतू. 2021 मध्ये कोरोनाच्या काळात ते तात्पुरते शिथिल केले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. शिवाय अनेक कंपन्या जेवणाची कुपने देतात आणि त्यांच्या किमतीचा काही भाग मालक भरतो. रंगारी आणि कारकून रोज बाहेर बसून नीट जेवू शकतात, ते ऐपतीपेक्षा या व्यवस्थेमुळे.

पेल्यातला उतार

ऑर्डर देण्याआधी वाइनचा विचार करायचा, आणि तो करायचा तर गाडीतून दिसलेल्या टेकडीकडे परत जावे लागते. या टेकडीचे नाव ‘कोत दोर’. दिजाँपासून दक्षिणेकडे साधारण 60 किलोमीटर ती पसरली आहे. तोंड बहुतांशी पूर्वेला, त्यामुळे सकाळचे ऊन थेट वेलींवर पडते. खाली चुनखडी आणि चिकणमाती. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा थर आहे. टेकडीच्या माथ्यावर माती पातळ आणि हवा थंड. पायथ्याशी माती जाड आणि पाणी साचवणारी. मधला पट्टा सर्वांत चांगला, कारण तिथे पाण्याचा निचरा होतो, ऊन मिळते आणि मुळांना खोल जावे लागते.

इथे काळ्या द्राक्षांत ‘पिनो न्वार’ आणि हिरव्यांत ‘शार्दने’ या दोन जातींचे राज्य आहे. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने भरघोस पीक देणाऱ्या ‘गामे’ जातीविरुद्ध फर्मान काढले आणि ती उपटून टाकायला सांगितले. उत्पन्न कमी चालेल, पण नाव जाता कामा नये, हा त्यातला विचार. त्याच्याही आधीपासून सितोच्या मठातले साधू या उतारावर वेली लावत होते. तो मठ 1098 मध्ये स्थापन झाला. कोणत्या तुकड्यातले द्राक्ष कसे पिकते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि दगडी कुंपणे घालून ते तुकडे वेगळे केले. अशा नाव असलेल्या, हद्द आखलेल्या तुकड्याला इथे ‘क्लिमा’ म्हणतात. 2015 मध्ये युनेस्कोने बर्गंडीचे क्लिमा जागतिक वारशात नोंदवले. त्यांची संख्या आहे 1247.

आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याला आपल्या वावराचे नाव ठाऊक असते. माळाची पट्टी, विहिरीचे शेत, चिंचेखालचा तुकडा. बर्गंडीत ही नावे थेट बाटलीच्या चिठ्ठीवर जाऊन बसली आणि कायद्याने त्यांना संरक्षण दिले. 1935 मध्ये फ्रान्सने मूळस्थानाच्या नावाची कायदेशीर पद्धत आणली. कोणत्या हद्दीत कोणती जात लावायची आणि एकरी किती पीक काढायचे, हे ठरले. तळाला प्रादेशिक वाइन, वर गावाच्या नावाची, त्यावर ‘प्रमिये क्रू’ आणि शिखरावर ‘ग्राँ क्रू’. एकूण उत्पादनापैकी साधारण निम्मे प्रादेशिक वर्गातले असते आणि ग्राँ क्रू शेकडा एक-दीड. जगात सर्वाधिक बोलबाला असलेला रोमाने-काँती हा मळा जेमतेम साडेचार एकरांचा. क्लो द वूजो हा साधूंचा जुना मळा साधारण सव्वाशे एकरांचा, पण त्याला आज 80 च्या आसपास मालक आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चची जमीन विकली गेली आणि पुढे सर्व वारसांना वाटा देणाऱ्या कायद्याने तिचे तुकडे होत गेले. भाऊबंदकीतल्या वाटण्या पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

बिस्ट्रोत दुपारी कोणी ग्राँ क्रू मागवत नाही. तिची बाटली महिन्याचा पगार खाऊन जाईल. फळ्याच्या कोपऱ्यात पेल्याच्या हिशेबाने तीन-चार वाइन लिहिलेल्या असतात, बहुतेक प्रादेशिक किंवा जवळच्या गावच्या. सुरुवातीला मागवावे असे एक पेय आहे, ‘कीर’. ‘आलिगोते’ नावाच्या साध्या, आंबटसर द्राक्षाची पांढरी वाइन आणि त्यात काळ्या मनुकेएवढ्या कासिस फळाचे गोड मद्य. पेल्याचा रंग फिकट जांभळा होतो. हे नाव फेलिक्स कीर या धर्मगुरूवरून पडले. 1945 पासून 1968 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते दिजाँचे महापौर होते आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे पेय देत. आंबट वाइन आणि शेजारच्या शेतातले फळ या दोन साध्या वस्तूंना एकत्र आणून त्यांनी आपल्या मुलखाचा पाहुणचार ठरवून टाकला.

वाइन घेत नसलात तरी काही बिघडत नाही. पाण्याच्या सुरईवर जेवणारे लोक प्रत्येक टेबलावर दिसतात. गाडी चालवायची असेल तर घेऊच नये. फ्रान्समध्ये रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि पोलीस ती तपासतात.

लाल रसातली दोन अंडी

फळ्यावर ‘मरेत’ हा शब्द दिसला तर दुसरे काही मागवू नका. ही बर्गंडीची सर्वांत प्रामाणिक थाळी आहे. रेड वाइनच्या रसात सोडलेली दोन अंडी, एवढेच तिचे वर्णन. पण ती होते कशी, ते जवळून पाहण्यासारखे आहे.

पातेल्यात डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे परततात. त्यांना सुटलेल्या चरबीत छोटे फ्रेंच कांदे आणि मशरूम टाकतात. मग रेड वाइन, जवळजवळ अख्खी बाटली. सोबत तमालपत्र आणि थाइमच्या काड्या. मंद आचेवर हा रस निम्म्याहून खाली आटवतात. आटताना मद्यार्क बराचसा उडून जातो, फळाचा स्वाद घट्ट होतो आणि रंग जांभळ्याकडून जवळजवळ काळ्याकडे जातो. इथे घाई केली तर रस आंबट आणि कच्चा लागतो. शेवटी लोणी आणि मैदा बोटांनी एकत्र मळून त्याच्या गोळ्या रसात विरघळवतात. त्याने रसाला चमक येते आणि तो चमच्याच्या पाठीवर चिकटून राहील एवढा दाट होतो.

दुसऱ्या भांड्यात अंडी कवचाशिवाय अलगद उकडतात, म्हणजे पांढरा भाग धरतो आणि बलक वाहता राहतो. खोलगट थाळीत लसूण चोळलेला भाजका पाव, त्यावर अंडी, वरून रस. काट्याने अंडे फोडले की पिवळा बलक त्या काळपट लाल रसात ओघळतो. वाइनचा आंबटपणा बलकाच्या स्निग्धपणाने निवतो, खारे मांस जीभ जागी ठेवते आणि खालचा पाव सगळे शोषून घेतो. अंडे संपल्यावर खरे काम सुरू होते. टोपलीतला पाव तोडायचा आणि थाळी चकचकीत होईपर्यंत पुसून घ्यायची. आपण भाकरीच्या तुकड्याने रस्सा निपटतो, तसे. औपचारिक मेजवानीत हे करत नाहीत, पण बिस्ट्रोत ती स्वयंपाक्याला दिलेली पावती असते. पाव ठेवायला वेगळी बशी नसते, तो सरळ टेबलावर ठेवतात.

ही थाळी शेतमजुराच्या घरातली आहे. मळ्यावर राबणाऱ्या माणसाच्या घरी वाइन होती, कोंबडीची अंडी होती, कालचा पाव होता आणि थंडीच्या आधी खारवून ठेवलेले मांस होते. जे हाताशी होते त्यातून जेवण झाले. वाइनमुलखात वाइन आधी स्वयंपाकघरातली वस्तू आहे, कोकणात कोकम असते तशी. बर्गंडीचा हा स्वभाव एकदा कळला की बाकीचा फळा आपोआप वाचता येतो.

‘बफ बुर्गिन्यों’ ही तिथली जगभर पोचलेली थाळी त्याच जातीची आहे. दक्षिण बर्गंडीत शारोले नावाची पांढरी गुरे आहेत. जास्त हालचाल करणाऱ्या स्नायूंचे गोमांस चिवट असते. ते रेड वाइनमध्ये तीन-तीन तास मंद शिजवले की स्नायूंना बांधणारे तंतू विरघळून जेलाटीन होते, मांस काट्याने सुटते आणि रसाला ओठांवर चिकटणारा दाटपणा येतो. कोंबड्याची ‘कोको व्हँ’ हीसुद्धा तीच युक्ती, म्हाताऱ्या कोंबड्यासाठी. पांढऱ्या वाइनची पाळी ‘जांबों पेर्सिये’त येते. आलिगोतेच्या रसात शिजवलेले डुकराचे मांस भरपूर पार्स्लीसह थिजवतात आणि काप करून गार वाढतात. हिरव्या-गुलाबी नक्षीचा हा पदार्थ मुळात ईस्टरचा.

माल बाहेरचा, रीत इथली

आता फळ्यावरच्या दोन प्रसिद्ध नावांची तपासणी करू. पहिले, ‘बर्गंडीचे एस्कार्गो’, म्हणजे लसूण, पार्स्ली आणि लोण्यात भाजलेल्या गोगलगायी. सहा खळगे असलेल्या तापलेल्या बशीत त्या येतात. लोणी तडतडत असते आणि वासाने शेजारचे टेबलही वळून पाहते. या गोगलगायीचे नाव बर्गंडीचे, पण आज थाळीत येणाऱ्या बहुतेक गोगलगायी मध्य आणि पूर्व युरोपातून येतात. शेतातली कीटकनाशके आणि बेसुमार वेचणी यांनी इथली संख्या घटली. 1979 पासून फ्रान्समध्ये त्यांच्या वेचणीवर बंधने आहेत आणि प्रजननाच्या काळात, एप्रिल ते जूनमध्ये, वेचणी पूर्ण बंद असते.

दुसरे नाव दिजाँच्या मोहरीचे. प्रत्येक टेबलावर तिची छोटी बरणी असते. आपल्या तिखटाची सवय असलेल्या माणसानेही ती जपून घ्यावी. ती जिभेवर थांबत नाही, सरळ नाकात चढते आणि क्षणात विरते. ‘दिजाँ मस्टर्ड’ हे पद्धतीचे नाव आहे, ठिकाणाचे संरक्षण त्याला नाही. ती जगात कुठेही करता येते आणि तिची मोहरी प्रामुख्याने कॅनडातून येते. 2021 मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि 2022 मध्ये फ्रान्सच्या दुकानांतली मोहरीची फळी रिकामी झाली. त्या धक्क्यानंतर बर्गंडीतल्या शेतकऱ्यांनी मोहरीचा पेरा वाढवला. इथलीच मोहरी आणि इथलीच पांढरी वाइन वापरून केलेल्या ‘मूतार्द द बूरगोन्य’ला 2009 मध्ये भौगोलिक संरक्षण मिळाले आहे. बोनमध्ये 1840 पासून चालत आलेली फालो ही मोहरीची गिरणी आजही दगडी जात्यावर मोहरी दळते. यंत्राचे पाते तापले तर तिखटपणा उडतो, दगडाने तो टिकतो.

याचा अर्थ जेवण खोटे ठरले का? मला तसे वाटत नाही. मुंबईच्या वड्यातला बटाटा आणि पावातला गहू कुठून आला, हे विचारून वडापावचे मुंबईपण कमी होत नाही. माल बाहेरून येऊ शकतो, पण रीत माणसे घडवतात. एक गोष्ट मात्र या टेबलावर बाहेरून येऊच शकत नाही, ती म्हणजे पेल्यातली वाइन. बर्गंडीचे नाव लावायचे तर द्राक्ष याच हद्दीतले हवे. त्या एका खुंटीला बाकी सगळे जेवण बांधलेले आहे.

चीज, आणि शाकाहारी माणसासाठी दोन शब्द

मुख्य थाळीनंतर आणि गोडाच्या आधी चीज येते. इथले अस्सल चीज ‘एप्वास’, त्याच नावाच्या खेड्यातले. लाकडी डबीत, बाहेरून नारिंगी, आतून चमच्याने उचलावे इतके मऊ. ते मुरत असताना त्याची साल मीठपाण्याने आणि ‘मार’ने पुन्हा पुन्हा पुसतात. वाइनसाठी द्राक्षे पिळून उरलेल्या चोथ्यापासून गाळलेले कडक मद्य म्हणजे मार. इथेही वाया जाणाऱ्या वस्तूचा उपयोग आहे. वास उग्र, चव त्यामानाने मवाळ. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चीज करणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. 1956 मध्ये बेर्तो दांपत्याने ते पुन्हा करायला घेतले आणि 1991 मध्ये त्याला मूळस्थानाचे संरक्षण मिळाले. एखादा पदार्थ एका घराच्या हट्टामुळे वाचू शकतो, याचा हा पुरावा.

शाकाहारी वाचकाला स्पष्ट सांगायला हवे की हा फळा त्याच्यासाठी लिहिलेला नसतो. मरेतच्या रसात मांस असते. पारंपरिक चीज विरजण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, त्यामुळे एप्वासही चालत नाही. भाज्यांच्या सूपमध्येही पुष्कळदा हाडांचा रस असतो. म्हणून आधी विचारावे, आणि टेबल राखतानाच ‘आम्ही मांस-मासे खात नाही’ असे कळवावे. बारा वाजता गर्दीत मागितलेला बदल स्वयंपाक्याला जड जातो, पण आदल्या दिवशी कळवले तर तो मशरूम, अंडी, लोणी आणि हंगामातल्या भाज्यांतून मनापासून काहीतरी करतो. निदान अंडे चालणाऱ्यांनी मांसाशिवायची मरेत मागून पाहावी. मशरूमच्या जोरावर ती उभी राहते.

वेळ नावाचा जिन्नस

दीड वाजून गेलेला असतो. कारकून कॉफी संपवून उठतो आणि रंगाऱ्याने बिल मागितलेले असते. मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. आणले तर ते ‘आता उठा’ असे म्हटल्यासारखे होईल. 2010 मध्ये युनेस्कोने फ्रेंच लोकांच्या मेजवानीची पद्धत अमूर्त वारशात नोंदवली. त्या नोंदीत एखाद्या पदार्थाची कृती नाही. माणसांनी एकत्र बसणे, थाळ्यांचा क्रम, अन्नाला साजेशी वाइन, टेबलाची मांडणी आणि अन्नाविषयी बोलणे यांना तिथे वारसा मानले आहे.

या मुलखातले सर्वांत मोठे जेवणही दुपारचेच असते. बोनमध्ये निकोला रोलँ या बर्गंडीच्या चॅन्सेलरने आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ हिने 1443 मध्ये गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. रंगीत कौलांचे ते ‘ओस्पीस’ आज गावाची ओळख आहे. तिथे 1971 पर्यंत रुग्ण ठेवले जात. भाविकांनी दान दिलेल्या मळ्यांची वाइन विकून रुग्णालयाचा खर्च चाले. 1859 पासून तिचा लिलाव होतो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शेजारच्या मर्सो गावात ‘पोले’ नावाची पंगत बसते. कापणी संपल्यावर मालकाने मजुरांना घालायच्या जेवणाची ही जुनी चाल. 1923 मध्ये झ्यूल लाफों या मळेवाल्याने ती पुन्हा सुरू केली. तिथे येणाऱ्याने आपली बाटली आपणच आणायची आणि शेजाऱ्याला वाढायची. दुपारी सुरू झालेली पंगत उठेपर्यंत अंधार पडतो.

ही सारी रीत आज पक्क्या पायावर उभी आहे, असे समजू नये. 1960 च्या सुमारास फ्रान्समध्ये 2 लाखांच्या आसपास कॅफे आणि बिस्ट्रो होते. आता ते 40 हजारांच्या आसपास उरले आहेत. त्या काळी दर माणशी वर्षाला 100 लिटरांहून अधिक वाइन रिचवली जाई, आज ती साधारण 40 लिटरांवर आली आहे. वाइन कमी झाली याचे दुःख करायचे कारण नाही, आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण खेड्यातला बिस्ट्रो बंद पडतो तेव्हा गावाची एकत्र बसायची जागा जाते, आणि ती परत उभी राहत नाही.

मळ्यावरचे संकट त्याहून खोल आहे. बोनच्या नगरपालिकेच्या आणि चर्चच्या जुन्या हिशेबवह्यांत कापणीच्या मजुरीच्या नोंदी आहेत. त्या जुळवून संशोधकांनी 1354 ते 2018 या काळातल्या कापणीच्या तारखांची सलग मालिका तयार केली आणि 2019 मध्ये प्रसिद्ध केली. 1987 पर्यंत कापणी सरासरीने 28 सप्टेंबरला सुरू होई. 1988 नंतर ती सरासरी 13 दिवस आधी होऊ लागली. साडेसहाशे वर्षे मजुरी लिहून ठेवणाऱ्या अनाम कारकुनांनी हवामानबदलाचा इतका स्वच्छ पुरावा मागे ठेवला आहे. द्राक्षे लवकर पिकली की साखर वाढते, आंबटपणा घटतो आणि वाइन अंगाने जड होते. फळ्यावरच्या मरेतला जी आंबटसर, हलकी वाइन लागते, ती उद्या कोणत्या उतारावर मिळेल, हा प्रश्न आज तिथल्या मळेवाल्याच्या रोजच्या बोलण्यात आहे.

नाशिकचा फळा

बोनच्या मळ्यात उभा राहिलेला नाशिकचा बागायतदार वेलीच्या बुंध्याकडे पाहून एक गोष्ट लगेच ओळखेल. तिथली वेलही कलमी आहे. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उजाड केले. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या जंगली वेलींच्या मुळांना ही कीड सहन होते, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम बांधले. आपल्याकडे खारट पाणी आणि दुष्काळ यांना तोंड देण्यासाठी ‘डॉगरिज’ खुंट वापरतात, तोही अमेरिकन वेलीचाच. फरक हंगामाचा. बर्गंडीची वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबरात फळ देते. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. 1999 मध्ये राजीव सामंत यांनी सुला सुरू केली, पुढे नाशिक आणि दिंडोरीच्या परिसरात एकामागून एक वायनऱ्या आल्या आणि फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातले शेनें ब्लाँ हे द्राक्ष इथे चांगले रुजले.

वेल आली, पिंपे आली, पाहुणेही आले. पण मला वाटते की वाइनमुलूख पुरा होतो तो स्वयंपाकघरात. बर्गंडीच्या शेतकऱ्याने आपल्या घरातली अंडी आणि शिळा पाव वाइनपाशी आणला, म्हणून ती वाइन गावाची झाली. नाशिकच्या मळ्यातल्या फळ्यावर पिझ्झा आणि पास्ता लिहिला, तर तिथली वाइन कायम पाहुणीच राहील. शेनें ब्लाँच्या थंड, किंचित गोडसर पेल्यासमोर मटकीची मिसळ ठेवून पाहावी, रेड वाइनसमोर काळ्या मसाल्याचे मटण ठेवावे, भाजलेल्या वांग्याचे भरीत ठेवावे. काही जोड्या जमतील, काही फसतील. बर्गंडीलाही हे एका पिढीत साधलेले नाही.

बोनला जायचे झाले तर एवढे करा. बाराच्या आत पोचा, मोठ्याने ‘बाँजूर’ म्हणा, फळा नीट वाचा, पाण्याची सुरई मागा आणि दोन वाजेपर्यंत दुसरे काहीही ठरवू नका. थाळी पावाने पुसून घ्या. आणि घरी परत आल्यावर आपल्या गावात दुपारी अशी कोणती खोली भरते, तिथे जाऊन एकदा नीट जेवा.